पायाचे काम : एका धंद्याची वाढ आणि आपल्या घरांस बोध

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर लिहून द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम नेहमीचेच विषय मनात आले : आपली मिठागरे, चरीचा शेतकऱ्यांचा संप, १९३० सालचा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, १९८४ सालचे शेतकरी आंदोलनातील हुतात्मे. या विषयांवर आमच्याहून अधिकारी लेखकांनी लिहिले आहे व पुढेही लिहितील. परंतु ज्या धंद्यावर सांप्रत आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पेटते, त्याच्या इतिहासाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो धंदा म्हणजे इमारतींच्या आणि पुलांच्या पायाचे काँक्रीटचे काम. फुटिंग, सेंटरिंग, पायलिंग हे शब्द आता मोरा आणि उरणच्या शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. वडील मुकादम, थोरला मुलगा ठेकेदार आणि धाकटा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करणारा, अशी घरे आपल्या गावात आता सहज आढळतात. या घरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

या धंद्याचे एक वैशिष्ट्य आरंभीच सांगून ठेवतो. भिंत वाकडी झाली तर येणारा-जाणारा बोट दाखवितो. दरवाजा अडला तर घरातील लहान मूलही सांगते. पायावर एकदा माती लोटली की तो कोणासही दिसत नाही. खालचे काम चांगले की वाईट, हे पुष्कळ वेळा दहा वर्षांनी समजते आणि तोपर्यंत ठेकेदाराचे बिल कधीच चुकते झालेले असते. म्हणून या धंद्याचे खरे भांडवल यंत्रे नव्हेत आणि रोकडही नव्हे. ते म्हणजे पत. ही पत एका माणसाच्या हयातीत मिळते, पण टिकवावी लागते ती त्याच्या घराण्याला.

चुन्यापासून सिमेंटपर्यंत

आपल्या उरण तालुक्याची जमीन मोठी विलक्षण आहे. एकीकडे द्रोणागिरीचा काळा कातळ, तर दुसरीकडे खाडीचा असा चिखल की त्यात उभा केलेला बांबू हाताच्या जोरानेच खाली जावा. आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली ती बहुधा उंचवट्यावर. मुरूम लागेपर्यंत चर खणावयाचा, त्यात काळा दगड बसवावयाचा आणि चुन्यात दर्जा भरावयाच्या, अशी ती रीत होती. समुद्रकाठी शिंपले भाजून चुना करीत. खाजणात घर बांधण्याचे धाडस कोणी करीत नसे. तेथे शेती करावी किंवा मीठ पिकवावे, असा शहाणपणाचा निवाडा होता.

मोऱ्याहून आपण लाँचने ज्या भाऊच्या धक्क्यावर उतरतो, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईकर गृहस्थ. गलबतातून उतरणाऱ्या माणसाला चिखल तुडवावा लागू नये म्हणून समुद्रात भर घालून धक्का उभारण्याचे काम त्यांनी केले. सरकारी खात्याचे नाव लोक विसरतात. पण चिखलात पक्का पाया घालणाऱ्या माणसाचे नाव दीडशे वर्षे लोटल्यावरही रोज हजारो तोंडांतून निघते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढे सिमेंट आले. इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सिमेंट निघू लागले ते १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र होऊन ए.सी.सी. ही कंपनी स्थापन झाली आणि सिमेंटचे पोते गावोगावच्या दुकानांत दिसू लागले. काँक्रीट दाबाला भारी, पण ताणाला दुबळे. पोलादाची सळई ताणाला भारी. दोघांचे लग्न लागले आणि चिखलावरही मोठे ओझे उभे करता येईल, असा भरवसा इंजिनिअरांना आला.

या नव्या विद्येचा आपल्या डोळ्यांसमोरील दाखला म्हणजे अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया. त्याची कोनशिला ३१ मार्च १९११ रोजी बसली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यास १९१४ साली मंजुरी मिळाली आणि इमारतीचे उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. मधल्या काळात काय चालले होते? समुद्रात भराव घालणे आणि पाया! पायाचे काम १९२० साली पुरे झाले. जॉन गॅमन या इंजिनिअरच्या कंपनीने तेथे काँक्रीटचे पाइल घातले आणि त्याच कामातून पुढे गॅमन इंडिया हे मोठे नाव झाले. कमानीसमोर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्या लाखो लोकांपैकी तिच्याखालच्या पाइलांची आठवण कितीजणांस होत असेल?

फाटक आणि वालचंद

आता एका घराण्याची हकीकत सांगतो. महाराष्ट्रात बांधकामाच्या ठेक्यातून वाढलेली घराणी पुष्कळ आहेत; पण सोलापूरच्या दोशी घराण्याइतका लांब पल्ला फार थोड्यांनी गाठला. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे मूळचे गुजरातकडील, जैन धर्माचे. धंदा कापसाचा व सावकारीचा. वालचंदांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चालले होते, परंतु ते अर्धवट सोडून ते पेढीवर येऊन बसले. पेढीच्या धंद्यात मात्र त्यांचे मन रमेना.

त्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेचे काम चालू होते. ही अडीच फूट रुंदीची चिमुकली रेल्वे १८९७ साली सुरू झाली होती आणि पुढे तिचे फाटे वाढविण्यात येत होते. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते. कामाचे मोजमाप, मजुरांची हजेरी, साहेबांची रीतभात हे सर्व त्यांस ठाऊक होते. ठेका मिळविण्याची उमेद त्यांच्याजवळ होती, पैसा नव्हता. वालचंदांजवळ घराण्याची पत होती, पण कामाचा अनुभव नव्हता. दोघे भागीदार झाले आणि ‘फाटक-वालचंद’ ही जोडी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची ही गोष्ट.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र. दोघांची ज्ञाती वेगळी, चालीरीती वेगळ्या. परंतु एकाचे ज्ञान आणि दुसऱ्याचे भांडवल यांनी परस्परांचा मान राखला. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. ज्ञातीने माणसास आधार द्यावा, विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. पण भागीदार निवडताना हुन्नर पाहावा, आडनाव पाहू नये.

पुढे ही मंडळी टाटांच्या बांधकाम कंपनीशी जोडली गेली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटातील नवे बोगदे खणण्याचे अवघड काम वालचंदांच्या देखरेखीखाली झाले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा जन्म झाला. आज ती एच.सी.सी. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मोठी बांधकामे करावीत ती गोऱ्या कंपन्यांनीच, असा त्या काळी समज होता. सिंधू नदीवर कालाबाग येथे पूल बांधून या कंपनीने तो समज खोटा ठरविला. तो पूल फाळणीनंतर पाकिस्तानात गेला.

वालचंदांनी जहाजे चालविली. १९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून विलायतेस निघाली, तो ५ एप्रिलचा दिवस देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणला जहाजबांधणीचा कारखाना काढला. या सर्व उद्योगांची नावे मोठी आहेत. पण मुळाशी होती ती ठेकेदारी. ठरलेल्या तारखेस, ठरलेल्या भावात, ठरल्याप्रमाणे काम देणे ही सवय तेथेच लागली.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. अशा प्रसंगी कितीतरी पेढ्यांची वाटणी होऊन वर्षा-दोन वर्षांत दिवा मालवतो. येथे तसे झाले नाही. गुलाबचंद, लालचंद व रतनचंद या भावांनी उद्योग सांभाळले. कालांतराने उद्योगांच्या शाखा कुटुंबात वेगळ्या झाल्या, तरी बांधकामाची कंपनी मोडली नाही. ती गुलाबचंदांच्या शाखेकडे राहिली आणि पुढे अजित गुलाबचंद यांच्या हाती आली.

कोयना, वरळी आणि एक धोक्याची सूचना

वालचंदांच्या पश्चात या कंपनीने जी कामे केली, त्यांपैकी कोयनेचे धरण आपणांस जवळचे. महाराष्ट्राच्या घराघरांत वीज नेणारे हे धरण दगडी काँक्रीटचे असून पायापासून त्याची उंची सुमारे १०३ मीटर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंपाचा जबर धक्का बसला. गाव कोसळले, माणसे दगावली. धरणाच्या वरच्या भागास तडे गेले. पण धरण उभे राहिले, आणि पुढे त्यास मागून आधार देऊन अधिक मजबूत करण्यात आले. त्या पहाटे धरण फुटले असते तर खालच्या खोऱ्यात काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. पायाशी कातळ किती खरवडून साफ केला, काँक्रीट किती ठोकून बसविले, हे त्या एका पहाटे पाहिले गेले. पायाची परीक्षा घेणारा परीक्षक तारीख कळवून येत नाही.

गंगेवरील फराक्का बंधारा व केरळातील इडुक्कीचे कमानी धरण हीदेखील याच कंपनीची कामे. त्यानंतरची, मुंबईकरांस रोज दिसणारी कृती म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू. तो ३० जून २००९ रोजी वाहतुकीस खुला झाला. सेतूची लांबी सुमारे ५.६ किलोमीटर, उंच मनोऱ्यावरून सोडलेल्या पोलादी दोरांचे चित्र आपण कॅलेंडरवर पाहतो. त्या सेतूखाली समुद्राच्या तळात मोठ्या व्यासाचे ६०४ पाइल आहेत. त्यांतील कोणी अवघ्या ६ मीटरांवर थांबला, तर कोणास ३४ मीटर खोल जावे लागले; कारण तळाचा खडक एके ठिकाणी कुजका, तर पलीकडे वज्रासारखा कठीण. एकाच पुलाखाली इतका फरक! नकाशावर सर्व खांब सारखे काढता येतात, पण जमीन नकाशा वाचीत नाही. प्रत्येक खड्ड्याची चौकशी वेगळी करावी लागते.

याच समूहाच्या इतिहासात एक धोक्याची सूचनाही आहे, ती झाकून ठेवणे शिक्षकाच्या धर्मास शोभणार नाही. पुणे जिल्ह्यातील डोंगरांत लवासा नावाचे नवे नगर वसविण्याच्या उद्योगात कंपनी शिरली. त्या योजनेवर मोठे कर्ज चढले, परवानग्यांचे वाद झाले आणि २०१८ साली लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. मूळ बांधकाम कंपनीसही पुढे अनेक वर्षे कर्जाच्या फेररचनेत घालवावी लागली. जिने पाण्याखाली ६०४ पाइल उतरविले, तिच्या समूहास जमिनींच्या व्यवहाराने जेरीस आणले. आपला हुन्नर सोडून दुसऱ्या धंद्यात उसन्या पैशाने शिरणे किती महाग पडते, याचा हा धडा आहे. तो आम्ही कोणाची निंदा म्हणून सांगत नाही. पुढे येणाऱ्या आमच्या घरच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे म्हणून सांगतो.

आणखी एक नाव सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. वाईजवळच्या पसरणी गावात १९१८ साली जन्मलेले बाबुराव गोविंदराव शिर्के १९४३ साली पुण्याहून इंजिनिअर झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय सुरू केला. कारखान्यात काँक्रीटचे भाग आधी ओतून जागेवर जोडण्याची पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजविली. बालेवाडीचे क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीने उभारले. २००३ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे पिढीजात सावकाराचे घर नव्हे. खेड्यातील मराठी मुलगाही शिक्षणाच्या बळावर या धंद्यात किती उंच जाऊ शकतो, हे त्यांनी दाखविले.

आपला तालुका

आता आपल्याकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आपली शेते, खाजणे व मिठागरे नव्या मुंबईच्या नकाशात गेली. ज्या आगरांवरून आपणांस आगरी हे नाव पडले असे मानतात, ती आगरेच हातची गेली. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची जी योजना पुढे आली, तिच्या मुळाशी हे रक्त आहे, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

१९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि उरणची लोकल यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. या प्रत्येक कामाखाली पाया आहे आणि तो आपल्याच चिखलात उतरविला आहे. त्या कामांत आपला वाटा कोणता? आरंभी आपण बिगारी होतो. नंतर मुरूम, खडी व रेती पुरविणारे झालो. मग गाड्या, मग मजूर पुरविले. पुरवठ्याचा धंदा वाईट नाही, परंतु त्यात हुन्नर थोडा आणि वशिला फार. काम संपले की गाडी दारात उभी राहते. ज्यांनी प्रत्यक्ष पायाचे काम हाती घेतले, अशी घरे मात्र थोडी. त्यांपैकी एक घर आमचे असल्यामुळे पुढील हकीकत सांगणे भाग आहे. दोन्ही पुतण्यांची संमती घेऊनच ती लिहिली आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमचे वडील मिठागरावर कामास होते. थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, आमच्याहून नऊ वर्षांनी मोठे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली आणि १९६९ साली ते मोऱ्याहून लाँचने मुंबईस बिगारी म्हणून जाऊ लागले. डोक्यावर घमेले वाहता वाहता ते सळई बांधण्यास शिकले, मग सेंटरिंग, मग नकाशा वाचणे. त्यांच्या मिळकतीवर आमची शाळा झाली आणि १९७६ साली आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे शिक्षक झालो. १९८० साली दादांनी गावातच काम सुरू केले. पहिले काम शेजाऱ्याच्या घराचे : नऊ खड्डे, नऊ फुटिंग. पत्र्यावर फावड्याने माल कालवावयाचा, एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी. वहिनी पाणी मारीत आणि रात्री कंदिलापाशी बसून आम्ही वही लिहीत असू. फर्मला नाव नव्हते. लोक ‘दादाचे काम’ म्हणत.

१९८५ साली खाजणालगत एका गरीब ज्ञातिबांधवाचे घर बांधावयाचे ठरले. भाव अगदी कमी होता. वहीत आकडेमोड करून आम्हीच दादांस सुचविले, “गोडी रेती महाग पडते. किनाऱ्याची रेती फुकट आहे. तीच वापरली तर चार पैसे सुटतील.” दादा कुरकुरले, पण भाऊ शिकलेला, हिशेबात पक्का, म्हणून त्यांनी ऐकले. रेती धुतली नाही आणि पाणीही खारट विहिरीचेच वापरले.

पाच वर्षांनी दादा त्या वाटेने जात असता त्यांस जोत्याजवळ खांबांना उभे तडे आणि त्यांतून निघालेले तांबूस ओघळ दिसले. मिठाने आतली सळई गंजली होती. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. घरमालकाने तक्रार केली नव्हती. त्यास वाटले, खारा वारा, असे व्हायचेच! दादा रात्री जेवले नाहीत. आम्ही म्हटले, “दादा, कोणी विचारलेले नाही.” ते म्हणाले, “विचारले नाही म्हणूनच मला झोप येत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्षापूर्वीच घेतलेले मिक्सरचे यंत्र विकले. त्या पैशांतून खांब पायापासून उघडे केले, खराब काँक्रीट तोडले, सळई घासून नवी जोडली आणि गोड्या रेतीचे नवे आवरण चढविले. मालकाकडून एक पैसाही घेतला नाही. त्यानंतर वर्षभर फर्म पुन्हा पत्र्यावर फावड्याने माल कालवीत होती. तो खर्च वहीत कोणत्या खात्यावर लिहावा, असे आम्ही विचारले. दादा म्हणाले, “शिक्षण खात्यावर लिही.” आम्ही शिक्षक; तो टोला आम्हांस कळला. आजही ते पान आमच्याजवळ आहे.

ही गोष्ट गावात पसरली. दादांनी ती सांगितली नव्हती, घरमालकाने सांगितली. १९९६ साली एका मोठ्या ठेकेदाराने आमच्या फर्मचे अखेरचे बिल अडकवून ठेवले आणि मजुरांचा पगार देण्याइतकेही पैसे हाती राहिले नाहीत. तेव्हा सिमेंटच्या व्यापाऱ्याने आठ महिने उधारीवर माल दिला. तो म्हणाला, “ज्याने न मागता खांब बांधून दिले, तो माझे पैसे बुडविणार नाही.” मिक्सर विकून गेलेली रक्कम त्या उधारीत व्याजासह परत आली, असे आमच्या वहीचे मत आहे.

पुढे धंदा वाढत गेला. व्हायब्रेटर आला, दोन मिक्सर आले, आणि २००९ साली बँकेच्या कर्जावर पाइलसाठी भोके पाडणारे पहिले यंत्र घेतले. पाइलचे काम असे असते : जमिनीत लोखंडी लायनर उतरवून भोक पाडावयाचे, कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचे पाणी भरावयाचे, सळयांचा पिंजरा सोडावयाचा आणि ट्रेमी नावाच्या नळीने तळापासून वर काँक्रीट भरीत यावयाचे. नळीचे तोंड सदैव काँक्रीटात बुडालेले असले पाहिजे. ते मध्येच वर निघाले तर चिखल आत शिरतो आणि खांब जमिनीखाली तुटका राहतो. वरून मात्र तो अखंडच दिसतो. म्हणून नळीपाशी दादा स्वतः उभे राहत. प्रत्येक कामाचे काँक्रीटचे ठोकळे भरून अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहण्याची शिस्त धाकट्या पुतण्याने, तो डिप्लोमा होऊन आल्यावर, घातली. थोरला पुतण्या माणसे आणि बाजार सांभाळण्यात हुशार. त्याच्यावाचून निम्मी कामे मिळालीच नसती.

२०२१ साली दादा गेले. त्यानंतर दोघा भावांत मतभेद उत्पन्न झाले. अटल सेतूमुळे व विमानतळामुळे जमिनीचे भाव चढले आहेत. थोरल्याचे म्हणणे असे, “काका, यंत्र घासून वर्षाला जे मिळते ते एका प्लॉटमध्ये सहा महिन्यांत मिळेल, फर्मचे भांडवल काढून जमिनी घेऊ.” धाकट्याचे म्हणणे असे की दुसरे यंत्र घ्यावे आणि स्वतःची तपासणीची खोली उभी करावी. बोलणे वाटणीपर्यंत गेले आणि निवाड्यासाठी दोघेही आमच्याकडे आले.

आम्ही दोघांसही बरोबर मानतो. जमीन गेलेल्या समाजाच्या मुलास पुन्हा जमीन घ्यावीशी वाटणे यात लोभापेक्षा दुःख अधिक आहे, हे आम्ही जाणतो. तरीही आम्ही त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या : १९९० सालच्या वहीचे ते पान आणि लवासाची हकीकत. मग एक कागद तयार केला. फर्म अविभक्त राहावी. दोघांचे वाटे लिहून रीतसर भागीदारीपत्र करावे. ज्यास जमिनीचा व्यवहार करावयाचा असेल त्याने तो आपल्या वाट्याच्या नफ्यातून, स्वतःच्या नावावर करावा, फर्मच्या नावावर कर्ज काढू नये. आणि दरवर्षी नफ्याचा ठरावीक हिस्सा यंत्रासाठी व तपासणीसाठी बाजूस काढावा. धाकट्याने सही केली आहे. थोरल्याने कागद घरी नेला आहे. तो विचार करीत आहे आणि विचार करण्याचा त्यास अधिकार आहे.

उपसंहार

फाटक-वालचंदांच्या कथेत आणि आमच्या घरच्या गोष्टीत अंतर डोंगराएवढे आहे. धर्म मात्र एकच. ज्ञान व भांडवल यांनी एकमेकांचा मान राखला तर धंदा उभा राहतो. मूळ पुरुष गेल्यावर भावांनी फर्म मोडली नाही तर तो टिकतो. हुन्नर सोडून उसन्या पैशावर धावले की तो खचतो. आणि या सर्वांच्या खाली, न दिसणाऱ्या जागी केलेले प्रामाणिक काम असावे लागते.

आपल्या ज्ञातिमंडळास एकच सूचना करतो. दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तो व्हावाच. पण त्याबरोबर पायाच्या कामात असलेल्या तरुणांसाठी भागीदारीपत्र, टेंडर, हिशेब आणि काँक्रीटची तपासणी या विषयांवर दोन दिवसांचा वर्ग भरवावा. हिशेबाचा तास घेण्यास आम्ही तयार आहोत. पहिल्या तासास आम्ही ती १९९० सालची वही घेऊन येऊ, आणि रेतीचा तो सल्ला कोणी दिला होता, हे मुलांस स्वतःच्या तोंडाने सांगू.